विकायची मुभा

सरांच्या घराची पूर्वेकडची भिंत दिवाळीला कधी रंगली नाही. घरमालकीण दर वर्षी चुन्याची बादली घेऊन यायची आणि दर वर्षी सर त्या भिंतीसमोर हात पसरून उभे राहायचे. भिंतीवर कोळशाने काढलेली एक रेघ होती. दारापाशी सुरू होऊन ती वर-खाली होत खिडकीपर्यंत गेली होती आणि खिडकीच्या पलीकडे पुन्हा चालू झाली होती. सानगडीच्या बाजारातला रोहूचा भाव होता तो. सर स्वतः मासा खात नसत. बाजाराच्या दिवशी नाकाला रुमाल लावून ते मासोळीच्या ओळीतून जायचे, भाव विचारायचे, काही न घेता परतायचे आणि घरी येऊन रेघ बोटभर पुढे न्यायचे.

"तुमाले मासोळी घ्याची नाई, मंग दर बाजाराले भाव काहून इचारता जी?" शेवंताबाईने एकदा त्यांना हटकलं. ती ढिवराच्या घरातली. घरची माणसं तलावात जाळं टाकायची, हिवाळ्यात त्याच पाण्यात शिंगाडे लावायची, आणि बाजारात तराजू धरून बसायची ती.

"मला मासोळी नको बाई, भावच पाहिजे," सर म्हणाले.

"घ्या मंग. थो फुकट हाये."

सर आमच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. कॉलेज तालुक्याच्या गावी होतं, सर राहायचे सानगडीला आणि स्कूटरवरून ये-जा करायचे. मी तेव्हा नुकताच लागलेला, हिशेबशास्त्र शिकवणारा. सत्तरचं दशक संपत आलं होतं. माझी खोली सरांच्या घरामागेच होती, त्यामुळे स्कूटरच्या मागच्या सीटवर माझी जागा ठरलेली. मी स्वभावाने आधीपासूनच असा आहे की कुणाच्या हातून कप फुटला तरी मला वाटतं आपण नीट धरायला सांगितलं नाही. सरांनी हे पहिल्याच आठवड्यात ओळखलं. "तुझ्या डोक्यात एक कोर्ट बसलेलं आहे," ते म्हणाले, "आणि त्याला रविवारचीसुद्धा सुट्टी नाही."

सरांचा आवाज मोठा होता आणि त्यांना शंका अशी कधी यायची नाही. अंदाज मात्र ते कधीच सांगत नसत. बस येईल का, असं कुणी विचारलं तर म्हणत, "येईल की नाही ते विचारू नका. किती मागेपुढे होईल ते विचारा." बाजारातल्या कोणत्याही वस्तूविषयी त्यांचं हेच मत होतं. भाव कुठे जाईल ते कुणालाच कळत नाही, पण किती भटकेल ते मोजता येतं. चौपट दिवस गेले की भाव दुप्पट लांब भटकलेला असतो, चौपट नाही. हे त्यांचं आवडतं वाक्य. सुट्टीवरून उशिरा आले तरी प्राचार्यांना हेच ऐकवत.

दुसरं एक वाक्य ते वर्गात फळ्याकडे पाठ करून म्हणायचे. "भाव शून्याखाली जात नाही. माणूस जातो."

भाव पायरीपायरीने भटकतो, आणि प्रत्येक पायरी मागच्या पायरीला विसरून पडते, हे पोरांना कळावं म्हणून सरांनी एकदा अख्खा वर्ग मैदानावर नेला. चुन्याची एक रेघ आखली आणि सगळ्यांना तिच्यावर ओळीने उभं केलं. कँटीनवाल्याच्या गल्ल्यातली दहा पैशांची सगळी नाणी आणून एकेकाच्या हातात दिली. शिट्टी वाजली की नाणं उडवायचं. छापा पडला तर एक पाऊल पुढे, काटा पडला तर एक पाऊल मागे. सर शिट्टी वाजवत राहिले. तास संपता संपता बहुतेक पोरं चुन्याच्या आसपासच घोटाळत होती, थोडी दूर गेली होती, आणि एक जण मागे सरकत सरकत कुंपणाच्या बाभळीला टेकला होता.

प्राचार्य गॅलरीत आले. "सर, ही कवायत कोणाच्या परवानगीनं चालली आहे?"

"कवायत नाही सर, बाजार आहे."

"आणि तो बाभळीतला कोण?"

"असा एखादा निघतोच. गणितात त्याला जागा आहे, शेपूट म्हणतात तिला."

कँटीनवाला दिवसभर सुट्ट्या पैशांऐवजी गोळ्या देत होता, आणि बाभळीतला पोरगा पुढे कॉलेजभर 'शेपूट' या नावाने ओळखला गेला.

या सगळ्याच्या मुळाशी एक परदेशी लेख होता. नागपूरच्या वाचनालयात बसून सरांनी तो हाताने उतरवून आणला होता. शेअरचा भाव पडला तर तो शेअर आधी ठरलेल्या भावाने विकता यावा, असा नुसता हक्क आज विकत घ्यायचा झाला, तर त्या हक्काची किंमत किती, हे त्यात एका सूत्राने सांगितलं होतं. विकायची मुभा, सक्ती नाही. भाव चढला तर मुभा सोडून द्यावी, पडला तर वापरावी. आपल्याकडे शेअरचे असे सौदे तेव्हा कायद्याने बंद होते. सरांना त्याचं काही नव्हतं. त्यांना भुरळ पडली होती ती वेगळ्याच गोष्टीची. त्या सूत्रात भाव वर जाणार की खाली, हे घालावंच लागत नव्हतं. तो किती भटकतो एवढं कळलं की पुरे.

"म्हणजे बघ," ते स्कूटर चालवताना मागे वळून मला सांगत, आणि मी जीव मुठीत धरून समोरच्या बैलगाडीकडे पाहत असे, "ज्याला उद्याचं काहीच कळत नाही, त्यालासुद्धा उद्याच्या भीतीची किंमत काढता येते."

"सर, गाडी आहे समोर."

"पाहिली मी. पण इथं शेअर कोणी पाहिला आहे? मासोळी सगळ्यांनी पाहिली आहे."

मासोळीचा प्रश्न असा होता की ती थांबत नाही. उन्हाळ्यात तलाव उतरले की जाळी पडायची. बर्फाची गाडी घेऊन व्यापारी तलावाच्या पाळीवर उभा राहायचा आणि मासोळी पाण्याबाहेर आल्यावर भाव सांगायचा. नाही म्हणायची सोय नव्हती. दुपारपर्यंत ऊन तिचं काय करतं हे दोघांनाही माहीत असायचं. सरांनी यावर उपाय काढला. कार्तिकात, शिंगाड्याच्या हंगामात, ढिवरांनी त्यांच्याकडून मुभा घ्यायची. एक मुभा म्हणजे एक टोपलं मासोळी. पावसाळा लागेपर्यंत व्यापाऱ्याने ठरलेल्या भावाहून कमी सांगितलं, तर जेवढं कमी पडेल तेवढं सर भरून देणार, किंवा टोपलंच विकत घेणार. मुभेची किंमत पैशांत नाही. शिंगाड्यांत. स्लाइड रूल, म्हणजे आकडेमोडीची पट्टी, सरकवून सर सांगायचे, पायलीभर, सव्वा पायली. आणि खूण म्हणून बांबूची एक चपटी कमटी, तिच्यावर त्यांच्या चाकूची खाच.

पहिल्या वर्षी लोक हसले. शेवंताबाईने तेवढ्या दोन कमट्या नेल्या. "पोराले खेळाले होतीन," म्हणाली. उन्हाळ्यात तिने त्या कमट्या व्यापाऱ्यासमोर नुसत्या कमरेतून काढून हातात धरल्या, आणि ही आता नाही म्हणू शकते हे ओळखून त्याने भाव वाढवला. पुढच्या कार्तिकात सरांच्या ओट्यावर शिंगाड्यांची रास लागली. ते उकडून आम्ही दोघे महिना-महिना खात होतो. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. मुभेचा धोका सरांचा होता, पण शिंगाड्यांत माझाही वाटा होता, आणि तो मी कधी नाकारला नाही.

चार पावसाळे असे बरे गेले. मधल्या काळात सरांना कलकत्त्याला संशोधनासाठी जागा मिळाली. पुढच्या जूनपासून बिनपगारी रजा मंजूर झाली. त्यासाठी त्यांनी पोस्टात पैसे साठवले होते, इतके की तिथला सगळा काळ निभावेल. या सूत्राच्या पोटात शिरायचं आणि भाव खरोखर असाच भटकतो का ते पाहायचं, हे त्यांच्या आयुष्यातलं एकच मागणं होतं. लग्नबिग्न त्यांनी केलं नव्हतं.

"त्या मुलकात तं सारेच मासोळी खातेत म्हणते," शेवंताबाई म्हणाली. "तुमी का खासान, भाव?"

त्या वर्षी पाऊस भाद्रपदातच उठून गेला. आमच्याकडे असं झालं की धानाला शेवटचं पाणी तलावातून द्यायचं, ही जुनी रीत. धान वाचतं, तलाव अर्धा होतो. सगळ्या गावांनी तेच केलं. कार्तिकात शिंगाडा कमी होता, तरी मुभा मागायला नेहमीपेक्षा जास्त लोक आले. सर खूश झाले. लोकांना गणित पटायला लागलं, असं मला म्हणाले. मीही हो म्हणालो. आम्ही दोघे रोज त्या अर्ध्या तलावांच्या पाळीवरून स्कूटरने जात होतो.

चैत्रात ऊन असं तापलं की एकाच आठवड्यात सगळे तलाव तळाला गेले. मासोळी गाळात तडफडायला लागली. ज्याच्या-त्याच्या जाळ्यात एकदमच सगळं आलं. व्यापाऱ्याची गाडी हमरस्त्याजवळच्या पहिल्याच तलावांवर भरली. दुसऱ्या दिवशी त्याने चौथाई भाव सांगितला. तिसऱ्या दिवशी तो आलाच नाही.

सरांनी कोळसा घेऊन रेघ खाली खाली नेली, पार जमिनीच्या जवळ, आणि तिथे हात उचलला. मी म्हटलं, पुढे?

"पुढे काय काढू? कमी भाव असता तर काढला असता. आज भावच नाही. घेणाराच नाही." ते भिंतीसमोर उकिडवे बसले. "मैदानावर मी प्रत्येकाला वेगळं नाणं दिलं होतं. तलावांना विचारलंच नाही, तुमच्याकडं नाणी किती म्हणून. त्या सगळ्यांचं एकच होतं, पाऊस. माझ्या सूत्रात तलाव नव्हताच रे, नुसता भाव होता. आणि गिऱ्हाईक नेहमी असणार, हे मी न बोलता धरून चाललो होतो."

बाहेर बैलगाड्यांचा आवाज यायला लागला होता. आता लिहितो ते लिहायला मला जड जातं. मी सरांना म्हणालो, "सर, मागच्या दारानं निघू. दोन दिवस नागपूरला राहा. मासोळी दोन दिवस टिकत नाही. परत याल तेव्हा वाद घालायला काही उरलेलं नसेल." मला त्यांचं कलकत्ता दिसत होतं, दुसरं काही नाही. आजही कोणी विचारलं तर मी हेच सांगेन की ते प्रेमापोटी बोललो. पण गाड्यांमधल्या माणसांपैकी कितीतरी जण मला नावाने ओळखत होते, आणि त्यांचे शिंगाडे माझ्या पोटात होते.

सर रागावले नाहीत. त्यांनी हात धुतले, उपरणं नाकावरून घट्ट बांधलं आणि दार उघडलं.

अंगणाबाहेर गाड्या आणि टोपल्या डोक्यावर घेतलेल्या बाया. पुढे शेवंताबाई, तिच्या मुठीत कमट्या. त्यांनाही ठाऊक होतं की हे एका माणसाच्या आवाक्यातलं नाही.

"उतरवा," सर म्हणाले.

"सगऱ्या?" शेवंताबाईने विचारलं.

"कमटी असेल तेवढ्या सगळ्या. गणित माझं चुकलं आहे. तुमची मुभा नाही चुकली."

टोपल्या उतरायला लागल्या. अंगण भरलं, ओटा भरला, शेवटी सरांची खाट बाहेर काढून खोलीत ठेवल्या. उपरण्याआड सरांचे डोळे पाण्याने भरले होते, ते वासाने. मी पोस्टाच्या पैशांसाठी त्यांच्याबरोबर गेलो. पोस्टमास्तरने इतके कशाला म्हणून विचारलं, तर सर म्हणाले, "शाकाहारी माणसाला मासोळी महाग पडते." ते पैसे पुरले नाहीत, म्हणून स्कूटरही गेली.

संध्याकाळी शेवंताबाई परत आली. पैसे मिळालेली बाकीची माणसं घरी गेली होती. तिने कमरेवर हात ठेवून अंगण पाहिलं.

"घेतल्या तं खऱ्या. आता याची पूजा करता का?"

"काय करतात याचं?"

"मीठ आना. पोत्यानं आना. आनि तुमी मास्तर," ती माझ्याकडे वळली, "बह्याड्यावानी उभे नोका राहू. पाट घ्या."

ती, तिच्या दोन जावा आणि मी, आम्ही मासोळी चिरत होतो. सर मीठ वाहत होते. चिरलेल्या माशाकडे न पाहता मीठ कसं चोळायचं, हे त्यांनी त्या दिवशी शोधून काढलं. सगळी गल्ली वासाने भरून गेली. घरमालकीण शहापूरला बहिणीकडे निघाली. जाताना एवढंच म्हणाली, "मी येईन तवा भिंत पांढरी दिसली पायजे." अर्धी मासोळी तरीही सडली, ती शेतात पुरली. राहिलेली वाळवून पावसाळ्यात गावोगाव गेली, कारण पावसाळ्यात आमच्याकडे सुक्या मासोळीला मागणी असते. बिनपगारी रजा सुरू झाली होती, त्यामुळे सरांचं जेवणखाण त्यातूनच चाललं. कलकत्त्याला त्यांनी कळवलं की येऊ शकत नाही. तिकडून उलट टपाली उत्तर आलं की जागा आणखी एक वर्ष राखून ठेवतो.

त्या पावसाळ्यात सर पायी हिंडायचे. ढिवरांकडे नाही, धानवाल्यांकडे. मला वाटलं डोकं फिरलं. दिघोरीच्या एका म्हाताऱ्या पाटलांच्या ओसरीवर मी त्यांच्याबरोबर होतो. सर सांगत होते, "पाटील, गेल्या वर्षी तुमचं धान वाचलं ना?"

"वाचलं. तलावानं वाचोलं."

"तेच म्हणतो. तलाव आटला की यांची मासोळी मरते आणि तुमचं धान जगतं. नाणं एकच आहे, तुमच्याकडून ते उलटं पडतं. म्हणजे अशा वर्षी मुभेची टोपली घ्यायला देवानं तुम्हालाच बसवलं आहे. तुम्ही धान देऊन टोपली घ्यायची. बाकीच्या वर्षी फुकट शिंगाडे खायचे."

पाटील खूप हसले. मग हसायचे थांबले आणि पान लावत बसले. "गनित बराबर हाये तुमचं," शेवटी म्हणाले. "पन ढिवरायसंगं बोलाचाली आमी नाई करत. पान्यावरून लई जुनं भांडन हाये. तुमी मंधात उभे राहान, तं मी देतो. तुमी नसान, तं मले इचारू नोका."

कार्तिकात शेवंताबाई पोतं घेऊन आली. मागे आणखी बाया होत्या. "सर, कमट्या काढा."

सर ओट्यावर बसले होते. "बाई, मी किंमत चुकीची लावली होती. खरी किंमत तिप्पट निघते."

"तिप्पट शिंगाडे तं तलावातबी नाईत जी."

"ठाऊक आहे. आणि दिले तरी माझ्या एकट्याच्या जिवावर मी यापुढे मुभा विकणार नाही. मुभा विकायला पाठीशी काहीतरी लागतं."

"मंग पयले तुमच्या पाठीशी का होतं?"

"कलकत्ता होतं."

शेवंताबाई पोत्यावर बसली. तिने मान खाली घातली. सरांनी तिला पाटलांचं सांगितलं, आणखी दोघा-तिघा धानवाल्यांनी हो म्हटलं आहे तेही सांगितलं. त्यांनी पाठ दिली तर किंमत थोडीच वाढवावी लागेल.

"पाटलाची कमटी मी नाई घेत," ती म्हणाली. "उद्या थो म्हनंन, कोनची कमटी, कोनाची कमटी. कमटीवर खाच तुमची पायजे."

"माझीच असेल."

"कशी असंन? जूनात तुमी चालले ना."

कलकत्त्याचं पत्र घरातच होतं, मी ते पाहिलेलं होतं. पैसे नव्हते, पण रजा होती, जागा होती, आणि मी व माझ्यासारखे आणखी दोघे कर्ज काढून द्यायला तयार होतो. मी ते बोलायला तोंडही उघडलं. बाया ओट्याखाली उभ्या होत्या. कोणी घाई केली नाही, आणि कोणी आर्जवही केलं नाही.

सर उठून आत गेले. मला वाटलं, पत्र आणतील, दाखवतील, समजावतील. ते बांबूच्या कमट्यांची जुडी आणि चाकू घेऊन बाहेर आले, मांडी घालून बसले आणि पहिल्या कमटीवर खाच पाडायला लागले.

"किती टोपल्या?" त्यांनी मान वर न करता विचारलं.